चित्रकोटच्या अलीकडे, चित्रकोटच्या पलीकडे

पुरानी बस्तीतून कुठल्याही बाजूला निघा, तळं आडवं येतं. महाराजबंध, कंकाली, बुढा तालाब. रायपूरचा हा सगळ्यात जुना भाग. महामायेचं देऊळ इथलं, दूधाधारी मठ आणि जैतूसाव मठ इथले, टुरी हटरीचा भाजीबाजार इथला. गल्ल्या अशा की समोरून ई-रिक्षा आली तर ज्याच्या मागे जागा असेल त्यानं मागे सरायचं, एवढाच वाहतुकीचा नियम. या वस्तीत आणि शेजारच्या तात्यापारा-बुढापाऱ्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर घेतलं, पुढे बिंबाजी भोसले तिथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले, आणि फौजेच्या मागून कारकून, भटजी, कारागीर आले ते इथलेच झाले. आमच्याकडे घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, असा तीन मजल्यांचा संसार चालतो. चौकाला लाखेनगर म्हणतात ते वामनराव लाख्यांच्या नावानं. त्यांनी माधवराव सप्र्यांच्या बरोबरीनं १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढला. म्हणजे हिंदी पत्रकारितेतलं एक महत्त्वाचं मासिक काढणारे लोक घरी मराठी बोलत होते. असो.

तर पुण्याहून संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘निर्जन’. पाठीवर सॅक टाकायची, एखादं वाळवंट पायी तुडवायचं, पलीकडचं निसर्गाचं आश्चर्य बघून यायचं आणि लिहायचं. कच्छ, जैसलमेर अशी नावंही त्यांनी सुचवली. मी म्हटलं, “वाळवंट आमच्यापासून फार लांब पडतं हो. दक्षिणेला दंडकारण्य मात्र दाराशी आहे. तिथे एक अख्खी नदी कड्यावरून खाली येते. चालेल?”

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “चालेल. पण तिकडे… ठीक आहे ना सगळं?”

बस्तरचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. पुण्यातून येतो, नागपुरातून येतो, आमच्याच गल्लीतूनही येतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, “जगदलपूरला लग्नाला गेले होते मी, गाव छान आहे. पण जंगलात कशाला शिरता या वयात?” नागपूरचा भाचा मात्र ऐकल्याबरोबर सॅक भरून हजर झाला. सह्याद्रीतले बरेचसे गड त्याच्या पायाखालून गेलेत. पाण्याची नळीवाली पिशवी, डोक्याला लावायची बॅटरी, झटकन सुकणारे कपडे, सगळा सरंजाम त्याच्याकडे होता. माझ्या पिशवीत एक चादर, छत्री, सुका चिवडा आणि ओडोमॉस.

घाटातली कोंडी आणि देवांचा खटला

रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर. थेट रेल्वे नाही, आणि हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. जगदलपूरला रेल्वे आहे, पण ती जाते विशाखापट्टणमला. बैलाडिलाचं लोखंड बंदरावर नेण्यासाठी १९६०च्या दशकात किरंदुल-कोत्तवलसा मार्ग घातला गेला. माणसांची सोय त्यात ओघानं झाली. स्वतःच्या राजधानीकडे यायचं तर बस्तरच्या माणसाला आजही मुख्यतः रस्ताच. विमानं अलीकडची, आणि ती सगळ्यांच्या खिशातली नव्हेत.

भाटागावच्या बसस्थानकातून बस धरली. धमतरी, कांकेर, मग केशकाल. धमतरीपर्यंत सगळा भाताचा सपाट मुलूख, कांकेरला डोंगर दिसतात, पण ते गोल गुळगुळीत खडकांचे. केशकालला मात्र रस्ता एकदम उभा राहतो. बारा वळणं, आणि वळणावळणाला ट्रक. पावसाळ्यात एखादा ट्रक मध्येच बसला की दोन्हीकडे मैलमैल रांग लागते. आमच्या वेळीही लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, उतरून तेलीन मातेच्या देवळाकडे हात जोडले आणि टायरला टेकून विडी पेटवली. या घाटात प्रत्येक गाडीवाला तेलीन मातेपाशी क्षणभर थांबतोच, पण कोंडीत सगळ्यांनाच निवांत दर्शन होतं.

हा घाट म्हणजे बस्तरचा दरवाजा. चढून वर आलात की पुन्हा सपाटी. जगदलपूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, आणि सबंध बस्तर पठार या उंचीवर पसरलेलं आहे. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य छत्तीसगढचं मैदान तुडवून गेलं, पण या पठारावर त्यांचा हात उशिरा आणि सैलच पडला. १७७८च्या कोटपाडच्या करारानं बस्तरचा राजा त्यांना खंडणी देऊ लागला. राज्य त्याचं त्याच्याकडेच राहिलं. पुढे इंग्रजांनीही बराच काळ तसंच चालू दिलं. बस्तर ‘दुर्गम’ राहिलं त्याला अंतरापेक्षा हा चढ आणि हा सैल कारभार जास्त कारण आहे, असं मला वाटतं. ३०० किलोमीटर म्हणजे काय, पुण्याहून कोल्हापूरच्या थोडं पुढे.

घाटमाथ्यावर केशकालजवळ भंगाराम देवीचं ठाणं आहे. भादव्यात इथे जत्रा भरते आणि देवांवर खटले चालतात. नऊ परगण्यांतल्या गावांचे देव इथे येतात: कुणी आंगा, कुणी डोली, कुणी काठीच्या रूपात. गावकरी तक्रार मांडतात. नवस केला, फळला नाही. रोगराई आली, देवानं अडवली नाही. पीक गेलं. दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि दोषी ठरलेल्या देवाला शिक्षा होते. ती बहुतेक वेळा हद्दपारीची. ठाण्याच्या बाजूला एक जागा आहे, तिथे त्याची मूर्ती, त्याचे दागिने, त्याच्या काठ्या टाकून दिल्या जातात. त्या सोन्याचांदीला चोरही हात लावत नाही. देव सुधारला असं गावाला वाटलं, स्वप्नात येऊन त्यानं कबुली दिली, की परत नेऊन बसवतात.

आम्ही गेलो तेव्हा जत्रा उलगडून गेली होती. इकडचा भादो आपल्या भाद्रपदाच्या पंधरवडा आधी लागतो, त्यामुळे मराठी पंचांग बघून येणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. पण पावसात भिजत पडलेल्या त्या काठ्या आणि मोडक्या डोल्या आम्ही पाहिल्या. ठाण्यातल्या म्हाताऱ्यानं एक देव मुद्दाम दाखवला. खान डॉक्टर. हा म्हणे नागपूरहून आला होता, पटकी-देवीच्या साथीत त्यानं लोकांना औषधं दिली, मेला आणि देवीच्या पंगतीला बसला. साथ आली की अजून त्याला बोलावतात.

“मामा,” भाचा बाहेर आल्यावर म्हणाला, “नागपूरचा डॉक्टर इथे देव होतो, आणि आमच्या कॉलनीत त्याला पार्किंग मिळत नाही.”

सालाचं लाकूड

जगदलपुरात मुक्काम फक्त वाट बदलण्यापुरता ठेवायचा होता, पण सिरहासार भवनापाशी लाकडावर घाव पडताना ऐकू आले आणि पाय तिकडे वळले. बस्तरच्या दसऱ्याचा रथ बनत होता.

हा दसरा पंच्याहत्तर दिवसांचा. हरेली अमावास्येला, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येला, पाटजात्रा होते आणि पहिलं लाकूड येतं. रावण इथे जळत नाही. इथला दसरा दंतेश्वरी देवीचा आणि जिथून तिथून आलेल्या गावोगावच्या देवांचा. रथ बनवायचा मान झार उमरगाव आणि बेडा उमरगाव या दोन गावांच्या सुतारांचा. लोखंडकाम वेगळ्यांचं. रथ ओढायचे दोर वळायचे ते करंजी, केसरपाल, सोनाबाल इकडच्या लोकांनी. कुणी काय करायचं हे इतकं पक्कं ठरलेलं की आमंत्रणाची गरज पडत नाही. ठरल्या वेळी माणसं शिधा बांधून येतात.

मी बराच वेळ एका सुताराकडे बघत उभा होतो. तो चाकाचा एक तुकडा घडवत होता. सालाचा ओला ओंडका, चांगला हातभर जाड. सुतारानं तो दोन पायांच्या तळव्यांनी धरला होता आणि बसुल्यानं स्वतःच्या अंगठ्याच्या दिशेनं तासत होता. पट्टी नव्हती. सुतळी काळ्या रंगात बुडवून ओढलेली एक रेघ होती, तेवढीच. प्रत्येक घावाला बोटभर ढलपी उडत होती आणि त्या ढलपीची आतली बाजू लालसर, ओलसर. तास-दीड तासात वळण तयार झालं. शेजारच्या तुकड्याला लावून पाहिलं, दोन ठिकाणी पुन्हा तासलं, बसलं. मग त्यानं मान वर करून विचारलं, कुठून आलात? रायपूर म्हटल्यावर तो हसला. “तिकडे रावण जाळता ना तुम्ही? इतकी मेहनत करून जाळता?”

रात्री खानावळीत भात, उडदाची डाळ आणि बास्त्याची भाजी. बास्ता म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बारीक कापून आंबवलेले. वासाला पहिल्यांदा नाक मुरडावं लागतं. भाच्यानं मुरडलं, आणि तिसऱ्या घासाला वाढून मागितलं. चापड्याची, लाल मुंग्यांची चटणी मात्र तो फक्त फोटो काढून थांबला.

तुंबा

चित्रकोटचा धबधबा जगदलपूरच्या पश्चिमेला ३८ किलोमीटर. रस्ता उत्तम. सकाळी टॅक्सी केली तर दुपारच्या जेवणाला परत. बहुतेक लोक असंच करतात: कठड्याशी वीस मिनिटं, फोटो, मक्याचं कणीस, मग तीरथगढ. आम्हाला चालायचं होतं. म्हणून एका जीपमध्ये बसून आधी चित्रकोटचा फाटा मागे टाकला आणि बारसूरच्या बाजूला पुढे जाऊन उतरलो. तिथून गावांमधल्या वाटांनी मेंद्री घुमर या धबधब्याकडून उलटं चित्रकोटकडे यायचं. फाटा मागे पडला तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जीप लोहंडीगुड्यावरून गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात, आणि बांधांवर मोहाची झाडं. बघणाऱ्याला कळणार नाही, पण यातली बरीच शेतं दशकभर कागदावर टाटांच्या पोलाद कारखान्याची होती. २००५ मध्ये करार झाला, दहा गावांतल्या सतराशेहून अधिक शेतकऱ्यांची जमीन घेतली गेली, कारखाना आला नाही. २०१९ मध्ये सरकारनं जमीन परत केली. घेतलेली जमीन परत मिळण्याची अशी उदाहरणं आपल्या देशात फार नाहीत. जीपमधल्या एका गृहस्थांना मी त्याबद्दल विचारलं. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, “ते आमचं. मधल्या काळातही आम्ही पेरतच होतो.” आणि विषय खताच्या भावावर नेला.

उतरल्यावर आधी गावात जाऊन सांगितलं, कोण, कुठले, कुठे जाणार. पोलीस ठाण्यात नाव आदल्या दिवशीच दिलं होतं. बस्तरमध्ये अनोळखी माणसानं न सांगता फिरू नये. यात भीतीचा भाग आहे आणि रीतीचाही. गेल्या वीसेक वर्षांत इथल्या माणसांनी दोन्हीकडच्या बंदुका बघितल्यात आणि पाठीवर मोठी सॅक घेऊन झाडीतून येणारा माणूस म्हणजे काय, याचे त्यांच्या मनातले अर्थ भाच्याच्या मनातल्यापेक्षा निराळे आहेत. हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प चालला, आणि पुढच्या वस्तीच्या आधी त्यानं सॅकचं हिरवं-करडं कव्हर काढून ठेवलं.

वाट सालाच्या रानातून. पाऊस थांबून-थांबून. सालाखाली झुडूप दाट नसतं, त्यामुळे लांबवर दिसतं: सरळ खोडं, तांबडी माती, त्यात बैलांच्या खुरांनी केलेली डबकी. सह्याद्रीत चालणाऱ्याला सतत चढ किंवा उतार हवा असतो. इथे तासन्‌तास दोन्ही नाहीत. रान संपतं, भाताचं खाचर लागतं, चार घरं, पुन्हा रान. ‘निर्जन’ म्हणावं असा अर्धा किलोमीटर सलग मिळाला नाही. गुरं राखणारी पोरं, डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या बाया, सायकलवर तांदळाचं पोतं, शाळेच्या निळ्या गणवेशातल्या मुली. संपादकांची मला दया आली.

दुपारी एका घराच्या ओसरीवर टेकलो. आजीबाईंनी विचारलं नाही, आणूनच दिली मंडियाची पेज. नाचणीचं पीठ रात्रभर आंबवून भाताच्या कण्यांबरोबर शिजवलेलं पातळ, गार, किंचित आंबट. खिळ्याला तुंबा टांगलेला होता. वाळवलेल्या दुध्याचं भांडं, बारीक मान, वर पानाचं बूच. शेतावर जाताना पेज त्यात नेतात. भाच्यानं त्याच्या सॅकमधली नळीवाली पिशवी दाखवली तर आजींनी नळी हातात घेऊन नीट पाहिली, पिशवीतलं पाणी गरम झालंय हे बोटानं ताडलं, आणि तुंब्यातलं त्याच्या हातावर ओतलं. थंड होतं. तुंब्याची साल किंचित पाझरते आणि आतलं गार राहतं, माठाचंच तत्त्व. “ही केवढ्याची?” त्यांनी विचारलं. किंमत ऐकून त्यांनी सुनेला आतून बोलावून घेतलं आणि पुन्हा सांगायला लावली.

त्या हलबी बोलत होत्या. मला निम्म्याहून जास्त कळत होतं, आणि त्याला कारण आहे. ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा हलबीला मराठीच्या खंडात टाकलं होतं. ते बरोबर की चूक यावर अजून वाद आहेत. ओसरीवर तो वाद काही आड आला नाही.

मेंद्री घुमर संध्याकाळी गाठला. हा फक्त पावसाळी. पठाराच्या कडेला आपण उभे, समोर एक बारकी धार थेट दरीत, आणि दरीभर ढग. आमच्याशिवाय तिथे दोन शेळ्या होत्या. बस्तरमध्ये असे घुमर पुष्कळ आहेत, तामडा घुमर जवळच आहे. या दोन्हींचं पाणी शेवटी इंद्रावतीतच जातं.

सपाटीवरून कोसळणारी नदी

दुसऱ्या दिवशी चित्रकोट. भाचा सवयीनं डोंगर शोधत होता. धबधबा म्हणजे वर डोंगर हवा, ही आपली सह्याद्रीतली समजूत. इथे डोंगर नाहीच. इंद्रावती सपाट मैदानातून रुंद, संथ येते, दोन्ही काठांना शेतं, आणि मग नदीखालची जमीनच संपते. सुमारे २९ मीटर खाली. भर पावसात ही कडा ३०० मीटर रुंदीची होते आणि नालेच्या आकारात वळलेली असल्यामुळे काठावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी पाणी कोसळताना दिसतं. रंग तांबडा. आम्ही गेलो तेव्हा तो दुधाच्या चहाकडे झुकला होता. ‘भारताचा नायगारा’ ही पाटी जिथे तिथे आहे. नायगाऱ्याची नालेच्या आकाराची धार उंचीला याच्या साधारण दुप्पट आहे, रुंदीला त्याहून जास्त. तुलना कशाला करायची, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पण तिकीट खपवणाऱ्यांना वाटत नाही.

हा आकार येतो कसा? कडेच्या खडकाकडे बघितलं की अंदाज येतो. वाळूच्या दगडाचे आडवे थर एकावर एक. भूशास्त्रज्ञ याला इंद्रावती खोऱ्यातला चित्रकोट वालुकाश्म म्हणतात. शंभर कोटी वर्षांच्या मागेपुढे इथे उथळ समुद्र होता, त्याच्या काठाची ही वाळू. पुढे हे थर वाकले नाहीत, घडी पडली नाही, जवळजवळ तसेच आडवे राहिले. वरचा थर कठीण, मधले काही मऊ. पडणारं पाणी आणि उडणारे तुषार मऊ थर आतून कोरत जातात, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि केव्हातरी तुटून पडतो. म्हणजे धबधबा हळूहळू मागे, उगमाच्या दिशेनं सरकतो. नदीच्या मध्यावर पाणी जास्त, म्हणून तिथे झीज जास्त, म्हणून मधला भाग काठांच्या आधी मागे जातो. नाल तयार होते ती अशी. खालच्या डोहात पडलेले चौकोनी दगड उन्हाळ्यात उघडे पडतात तेव्हा हे गणित आपोआप दिसतं.

कठड्याशी गर्दी होती. ओडिशाची, आंध्रची, आमच्या दुर्ग-भिलाईची. कणसं भाजणाऱ्या बाईंनी राखेतलं कणीस मीठ-लिंबू चोळून दिलं. खाली नावा बांधून ठेवलेल्या होत्या. पाणी उतरलं, की साधारण हिवाळ्याच्या तोंडाला, नावाडी माणसांना धारेच्या पार खाली नेतात. त्यांची पाळी ठरलेली असते. आज याची नाव, उद्या त्याची. एका नावाड्याशी बोलत बसलो. त्याला पावसाळ्यातलं चित्रकोट आवडत नाही. कमाई नाही आणि डोळ्यांदेखत नाव सडते. मग कोणता काळ चांगला? “थंडीचा. उन्हाळ्यात तर धारच कुठे असते? लोक येतात, दगड बघतात, आम्हाला विचारतात, पाणी कुठे गेलं.”

कुठे जातं, हे त्याला नीट ठाऊक होतं. दोन शब्दांत सांगितलंन. “जोरा नाला.”

जोरा नाला

इंद्रावती ओडिशाच्या कालाहांडीत उगम पावते आणि एकूण सुमारे ५३५ किलोमीटर वाहते. त्यातला सुरुवातीचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा ओडिशात. तिथे वरच्या अंगाला मोठं धरण आहे, अप्पर इंद्रावती प्रकल्प. त्याचं पाणी बोगद्यातून वीजघरावर जातं आणि पलीकडे, महानदीच्या खोऱ्यात उतरतं. गोदावरीकडे निघालेलं पाणी डोंगर फोडून महानदीकडे वळवलेलं आहे. आम्ही रायपूरकर महानदीचेच, पण ते पाणी आमच्या खूप खाली, सोनपूरजवळ तिला मिळतं. तेव्हा आमच्या माथी पाप नाही.

उरलेली नदी छत्तीसगढच्या सीमेवर येते तिथे जोरा नाल्याचं दुखणं सुरू होतं. हा नाला म्हणजे इंद्रावतीची फुटलेली एक शाखा, आणि ती कोलाब-शबरी नदीकडे जाते. नाल्याचा उतार जास्त, मूळ पात्रात गाळ साचत गेलेला. पाणी उतार बघतं. पावसाळ्यात दोन्हीकडे भरपूर, त्यामुळे भांडण नाही. पावसाळा सरला की बहुतेक धार जोऱ्यात आणि इंद्रावतीत वाळू. २००३ मध्ये दोन्ही राज्यांनी निम्मं-निम्मं ठरवलं, मग तोंडाशी बांधकामही झालं. पण गाळ ठराव वाचत नाही. दर उन्हाळ्यात जगदलपूरच्या पाणीपुरवठ्यापासून काठच्या भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांची ओरड होते, आणि पात्रात जेसीबी उतरतो.

२०१९च्या उन्हाळ्यात चित्रकोटची धार जवळपास तुटली. तेव्हा जगदलपूरच्या लोकांनी ‘इंद्रावती बचाओ’ म्हणून सीमेवरच्या भेजापदरपासून चित्रकोटपर्यंत नदीकाठानं पदयात्रा काढली, टप्प्याटप्प्यानं. त्यात धर्मपाल सैनी होते. त्या वेळी नव्वदीला टेकलेले. बस्तर त्यांना ताऊजी म्हणतं. विनोबांचे शिष्य, १९७६ मध्ये इथे आले, डिमरापालला आदिवासी मुलींसाठी आश्रमशाळा काढली आणि तिला विनोबांच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं नाव दिलं. १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणातल्या गागोद्याच्या विनोबांची आई बस्तरच्या मुलींच्या शाळेच्या पाटीवर आहे, हे फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल.

मला या पदयात्रेचं विशेष वाटतं ते असं, की आमच्यासारखे लोक पाठीवर पिशवी घेऊन चित्रकोटला पाणी बघायला येतात आणि ती माणसं पाणी का नाही हे बघत आली. तीही मे महिन्यात, उघड्या वाळूतून, तापलेल्या दगडांवरून. संपादकांना हवं होतं ते वाळवंट कदाचित तेच असावं. मी भाच्याला म्हटलं, पुढल्या वेळी मेमध्ये येऊ, भेजापदरहून चालत. तो म्हणाला, “मामा, मग धबधबा नसेल ना?” नसेल.

नदीच्या पुढच्या अंगालाही एक प्रश्न वाट बघतोय. बारसूरपाशी बोधघाट धरणाची कल्पना १९७०च्या दशकातली. जंगल आणि गावं बुडतात म्हणून अडली, आणि दर काही वर्षांनी कुणीतरी फाईल पुन्हा झटकतं. बारसूरला या धरणाबद्दल विचारलं तर चहावाला म्हणाला, आजोबांना विचारून आलेले, वडिलांना विचारून आलेले, आता तुम्ही. त्याच्या दुकानापासून जवळच हजारएक वर्षांपूर्वीचा, नागवंशीय राजांच्या काळातला अवजड दगडी गणपती आहे. बस्तरमध्ये प्रकल्पांपेक्षा मूर्ती जास्त टिकतात.

भामरागडकडे

परतीची बस चित्रकोटहून जगदलपूर. भाचा शेवटच्या बाकावर नकाशा उघडून बसला होता, नदीवर बोट फिरवत. “मामा, ही नंतर आपल्याकडे येते?”

येते. बारसूर सोडलं की इंद्रावती अबुझमाडाच्या कडेनं जाते आणि मग सुमारे १२९ किलोमीटर छत्तीसगढ-महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. भामरागडला तिला पर्लकोटा आणि पामुलगौतमी मिळतात. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचं हेमलकसा तिथून हाकेच्या अंतरावर. मराठी वाचकानं ज्या माडियांबद्दल हेमलकशाच्या निमित्तानं वाचलं, त्यांचेच सोयरे आम्हाला ओसरीवर भेटले होते, फक्त राज्य वेगळं. पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरला इंद्रावती गोदावरीत जाते.

भाच्याच्या पुढच्या बाकावरचा तरुण गडचिरोलीकडचा निघाला. आलापल्लीच्या बाजूला कुठल्याशा विभागात नोकरी, जगदलपूरला सासुरवाड. तो फोनवर त्रासून बोलत होता आणि फोन ठेवल्यावर आमच्याकडे वळला. भामरागडचा रस्ता बंद. पर्लकोट्याच्या पुलावर पाणी. दर पावसाळ्यात हेच. एकीकडून पर्लकोटा भरून येते, दुसरीकडून फुगलेली इंद्रावती तिचं पाणी पुढे सरकू देत नाही, आणि बाजारपेठेत होड्या चालतात. दवाखान्याची माणसं अलीकडे, पेशंट पलीकडे. नव्या उंच पुलाचं काम चालू आहे, असं तो म्हणाला.

“तुम्ही चित्रकोट बघून आलात ना? कसं होतं पाणी?” त्यानं विचारलं.

भाच्यानं उत्साहानं फोन पुढे केला. तीनशे मीटर रुंदीची भरगच्च तांबडी धार. त्यानं व्हिडिओ एकदा पाहिला, मागे घेऊन पुन्हा पाहिला, मोठा केला, कडेच्या खडकाशी पाणी कुठवर आलंय ते बघितलं. मग स्वतःचा फोन काढून ऑफिसला कळवलं की परवापर्यंत येता येणार नाही, वरून अजून येतंय.